दुसऱ्याचे पैसे वाटायची नोकरी

पत्र: मी पारोळा तालुक्यातला सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक. मुलीनं बीकॉम केलं, मग एमएसडब्ल्यू. दोन वर्षं शहाद्याच्या एका संस्थेत बचत गटांचं काम बघते आहे. आता एका फाउंडेशननं तिला नंदुरबारला 'लघु अनुदान समन्वयक' या जागेसाठी मुलाखतीला बोलावलं आहे. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागातल्या छोट्या संस्थांना आणि गटांना वर्षाला दोन लाखांपर्यंत मदत द्यायची आणि तिच्यावर लक्ष ठेवायचं, असं काम. पगार 28 हजार, करार दोन वर्षांचा. घरात सगळ्यांचं म्हणणं, वय आहे तोवर तलाठी, बँक, एमपीएससी द्यावी. मलाही समजत नाही, दुसऱ्याचे पैसे वाटायचे ही काय नोकरी झाली? पुढे काय? आणि हिशोबच बघायचे होते तर एमएसडब्ल्यू कशाला केलं?

उत्तर:

नमस्कार गुरुजी,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. हिशोब आणि समाजकार्य ही दोन्ही शिक्षणं एकाच माणसाकडे असणं या क्षेत्रात विरळा. एमएसडब्ल्यू झालेली बरीच मुलं ताळेबंद समोर आला की अकाउंटंटला हाक मारतात. आणि नुसते कॉमर्सवाले पाड्यावर गेले की 'पावती कुठंय?' म्हणून गटाच्या बायांना दमात घेतात. तुमच्या मुलीला दोन्हीकडचं येतं. तिची बीकॉमची वर्षं वाया गेली असं घरात कोणी म्हणत असेल, तर ते आता थांबवा.

पैसे वाटणं हा या कामातला सगळ्यात छोटा भाग आहे. बँकेतून ते पाच मिनिटांत जातात. त्याआधी अर्ज मागवायचे, ज्यांना अर्ज लिहिता येत नाही त्यांच्याकडे जाऊन त्यांचं म्हणणं समजून घ्यायचं, मग कागद बघायचे. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, ऑडिट, आयकर सवलतीच्या 12ए आणि 80जी नोंदण्या, खात्यावर सह्या कोणाच्या, पदाधिकारी बदलल्याचे बदल अर्ज मंजूर आहेत की नाहीत. (कितीतरी जुन्या संस्थांत अध्यक्ष वारून वर्षं झालेली असतात आणि कागदावर अजून तेच अध्यक्ष असतात.) त्यानंतर निवड समितीपुढे शिफारस, करारनामा, हप्ते, भेटी, अहवाल.

हे काम कारकुनी नाही ते का, हे एका साध्या व्हाउचरवरून सांगते. समजा धडगावच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर महिला गटानं रोपवाटिका केली. पिशव्यांचं बिल शहाद्याच्या दुकानाचं, छापील, जीएसटीसकट. पण शेणखत शेजारणीकडून घेतलं आणि ते आणलं गावातल्या पिकअपवाल्यानं. त्याच्याकडे बिलबुक कुठलं? तिकडे मुंबईच्या ऑडिटरला पावती हवी. अशा वेळी समन्वयकानं गटाला शिकवायचं की साधं व्हाउचर करा. तारीख, कशासाठी, किती खेपा, गाडीचा नंबर, पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा; रक्कम पाच हजारांच्या वर असेल तर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख द्यायची नाही, कारण ट्रस्टच्या आयकरात तो खर्च धरत नाहीत. आणि मुंबईला समजावायचं की पिकअपवाल्याकडे छापील बिल नाही म्हणून खर्च खोटा ठरत नाही. अंगठा कोणाचा, शेणखत खरंच आलं का, हे बघायला मात्र पाड्यावर जावंच लागतं. नंदुरबारच्या ऑफिसात बसून ते कळत नाही.

वेळापत्रकाचंही तसंच. देणगीदारांचं वर्ष एप्रिल ते मार्च. सातपुड्यातलं तसं नाही. दिवाळी झाली की कितीतरी घरं ऊसतोडीला, मजुरीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार, काठी गावची होळी या दिवसांत कोणाला बैठकीला बोलावून बघा! आणि नेमका तेव्हाच मुख्य ऑफिसातून मेल येतो, 31 मार्चच्या आत उरलेली रक्कम खर्च करून अहवाल पाठवा. हप्ता डिसेंबरात दिला तर पाड्यावर माणूस नाही, जूनच्या अखेरीला दिला तर पेरणी चालू आणि घाटात दरड. हे जिला ठाऊक असतं ती करारावर सह्या होण्याआधीच हप्त्यांच्या तारखा हलवून घेते. तुमच्या मुलीनं शहाद्यात दोन वर्षं काढली आहेत, तिला हे मी सांगायला नको. मुलाखतीत तिनं हेच बोलावं. 'मला समाजसेवेची आवड आहे' हे सगळेच सांगतात.

तिनं फाउंडेशनला एक प्रश्न मात्र जरूर विचारावा: पैसा कोणाचा? परदेशी असेल तर सप्टेंबर 2020 मधल्या एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळता करता येत नाही, दुसरीकडे एफसीआरए नोंदणी असली तरीही. पूर्वी मोठ्या संस्थेनं निधी आणायचा आणि तालुक्यातल्या छोट्यांना द्यायचा, अशी रीत होती. ती तिथं संपली. कोणी आडमार्गानं तेच करायला सांगत असेल, तर ही नोकरी घेऊ नये, यावर माझं दुमत नाही. पैसा सीएसआरचा असेल, म्हणजे कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चाचा, तर एप्रिल 2021 पासून काम राबवणाऱ्या संस्थेला सीएसआर-1 नोंदणी लागते. पाड्यावरच्या गटाकडे ती कुठून असणार? मग नोंदणी असलेली संस्था स्वतः खर्च करते आणि गटाला रोपं, अवजारं, प्रशिक्षण देते. कागदावर ती मदत असते, पण गटाच्या हातात पैसा येत नाही आणि हिशोब ठेवायची सवयही लागत नाही. देशातल्याच एखाद्या ट्रस्टचा पैसा त्या मानानं मोकळा. यातलं काय आहे यावर तिचं रोजचं काम ठरणार आहे, म्हणून आधीच विचारलेलं बरं.

या नोकरीतली खरी कसोटी मला वाटते नकार देण्याची. अनुदानं दहा-बारा आणि अर्ज कितीतरी पट. त्यात आपल्या खान्देशात चार माणसांत एक नात्यातला निघतोच. फोन येणार, 'ताई, आपल्याच माणसाचं आहे, जरा बघा.' एकाच घरातल्या चार संस्था चार नावांनी अर्ज करणार. भेट देऊन निघताना गाडीत पपईचं कॅरेट ठेवलं जाणार. चहा घ्यावा, जेवण घ्यावं, कॅरेट उतरवून ठेवावं. तिची शहाद्याची संस्थाही उद्या अर्ज करेल. तेव्हा 'मी इथं काम केलं आहे' असं लेखी देऊन त्या अर्जाच्या चर्चेतून तिनं उठून जावं. ज्यांना नकार दिला त्यांना कारण लिहून कळवण्याची पद्धत तिथं आहे का, हेही विचारावं. नसेल तर तिनं ती पाडावी. दोन ओळींचं कारण मिळालं की पुढच्या वर्षी तोच गट बरा अर्ज घेऊन येतो.

आणखी एक. देणाऱ्याच्या बाजूला बसलेला माणूस बघता बघता साहेब होतो. पंचविशीतल्या पोरीला गावात हार-नारळ मिळायला लागले की डोकं ठिकाणावर ठेवणं सोपं नसतं. त्यावर एक औषध म्हणजे भाषा. पारोळा-धुळ्याकडे अहिराणीवर निभतं, धडगावात पावरा आदिवासींची पावरी लागते. तिनं ती शिकायला घ्यावी. चुकत-माकत बोलणारीला कोणी साहेब म्हणत नाही.

आता पुढचं. तुमच्यासारखी पेन्शन या क्षेत्रात नाही. करार दोन-तीन वर्षांचे, पगार हळूहळू वाढतो, आणि निधी आटला तर कार्यक्रम मध्येच बंद होतो. पण नंदुरबार 2018 पासून नीती आयोगाच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांत आहे, त्यामुळे कंपन्या आणि फाउंडेशन इकडे वळतात. त्यांना पुण्या-मुंबईहून येणारी माणसं मिळतात, टिकणारी मिळत नाहीत. दोन वर्षं हे काम नीट केलेल्या मुलीला एखाद्या फाउंडेशनमध्ये कार्यक्रम अधिकारी किंवा मोठ्या संस्थेत वित्त आणि नियमांचं अनुपालन बघणारी म्हणून जागा मिळू शकते.

नातेवाइकांना काय सांगायचं? तुमच्या शेजारच्या अमळनेरचंच सांगा. 1945 साली तिथं वनस्पती तुपाच्या धंद्यातून उभी राहिलेली कंपनी म्हणजे आजची विप्रो, आणि तिचे अझीम प्रेमजी यांनी त्यातल्या आपल्या मालकीचा मोठा हिस्सा ज्या फाउंडेशनला दिला, ते देशभरातल्या संस्थांना अनुदान देतं. अमळनेरात तिचे शेअर घेऊन ठेवून श्रीमंत झालेली घरं सगळ्यांना माहीत आहेत. अनुदानाचा पैसा योग्य ठिकाणी पोचतो की नाही हे बघणारी माणसंही लागतात, एवढं सांगितलं तरी पुरे.

परीक्षांबद्दल मी थोडी कडक बोलते. फील्डवरची नोकरी आणि एमपीएससीचा अभ्यास एकत्र चालत नाहीत. शनिवार-रविवार बैठकांत जातात. तिला परीक्षा द्यायची असेल तर एक वर्ष पूर्ण वेळ द्यावं आणि ही जागा सोडावी. पण गुरुजी, तुमच्या पत्रात घरातल्या सगळ्यांचं म्हणणं आहे, तिचं एका ओळीतही नाही. माझं मत विचाराल तर 'पैसा कोणाचा' याचं उत्तर बरं मिळालं आणि पुढच्या अटी बऱ्या निघाल्या, तर तिनं ही जागा घ्यावी.

अटी बघायच्या त्या अशा: पीएफ आहे का, निधी लवकर संपला तर किती महिन्यांची सूचना आणि पगार, फिरायला गाडी ऑफिसची की स्वतःची, धडगावला मुक्काम पडला तर खर्च कोणाचा. अंधार पडल्यावर घाटातून दुचाकीवर येणं नको, हे ठरवून घ्यायला संकोच करू नये. आणि अंतिम निवड समिती करणार की वरून यादी येणार, हेही. यादी वरूनच येत असेल तर पगार कितीही असो, दोन वर्षांत तिच्या हाती काही लागणार नाही.

मुलाखतीआधी तिच्या सध्याच्या संस्थेत ऑडिटर आले, तर त्यांच्या शेजारी दोन दिवस बसायला सांगा. रोजकीर्द आणि बँकेचं पासबुक जुळवताना ते कुठं थांबतात, कोणतं व्हाउचर बाजूला काढतात, एवढंच बघायचं. आणि तिला काय करायचंय ते तिनं स्वतः मला लिहावं. मुलाखतीच्या तयारीचं मी तिच्याशीच बोलेन.