आधी शब्द जोडा, वेलांट्या नंतर

लिहायला नुकती सुरुवात केली असेल, तर सगळे नियम एकदम पाठ करायला जाऊ नका. वाचणाऱ्याला सर्वांत आधी खुपतात ते तुटलेले शब्द: 'घरा मध्ये', 'त्याच्या मुळे', 'मुला साठी'. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं आधीच्या शब्दाला चिकटूनच येतात. एवढं सुधारलंत तरी बरीच कुरकुर थांबेल.

मग ऱ्हस्व-दीर्घ. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनुसार शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: पाटी, वस्तू, कवी, गुरू. 'आणि', 'नि' हे अपवाद, आणि 'आणी' लिहिलेलं दिसलं की माझंसुद्धा लक्ष मजकुरावरून उडतं. समासात मात्र तत्सम शब्द, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, मूळ रूपात जातो, म्हणून 'कविसंमेलन', 'गुरुकृपा'. 'फूल', 'मूल', 'बहीण' दीर्घ. पण 'फुलाला', 'मुलाने', 'बहिणीला'. 'गुण', 'विष', 'सुख' यात बसत नाहीत. ते वाचून वाचूनच अंगवळणी पडतात.

'माझी मदत कर' ही हिंदीची छाया, मराठीत 'मला मदत कर'. 'मी त्याला बोललो' हेही जपून वापरा. अनेकांना तुम्ही त्याला रागावलात असंच वाटेल. साधं सांगायचं असेल तर 'म्हणालो' किंवा 'त्याच्याशी बोललो'.

'केलं' लिहा किंवा 'केले', पण एकाच परिच्छेदात दोन्ही नकोत. आणि कोणी बोलताना 'पानी' म्हणालं तर मध्येच टोकू नका, ती त्याची बोली आहे.