मंदीत घर विकायचंय? रंगाआधी भिंत बघा

गिऱ्हाईक कमी असलं की ते घर बारकाईनं बघतं. म्हणून रंगाच्या डब्याला सगळ्यात शेवटी हात लावा.

आपल्याकडे काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे जातात. तडा नुसता पुट्टीनं बुजवला तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की काहीतरी झाकलंय. आधी तड्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटनं पक्की करा. महिना-दोन महिन्यांत काच फुटली तर तडा अजून हलतोय. इंजिनिअरला दाखवा, पायाजवळ सांडपाणी मुरतंय का ते तपासा. काच शाबूत राहिली तर तडा व्ही आकारात खोला, धूळ झाडा, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्यानं भरा. ओलीचंही तसंच: आधी गच्चीचा उतार आणि नहाणीचा पाइप. ओल्या भिंतीवरच्या रंगाला पापुद्रे सुटतात.

पाण्याचं विचारतीलच. टाकी किती लिटरची, नळ किती दिवसांनी येतो, मे महिन्यात बोअर चालतो का, सगळं खरं सांगा.

खरेदीखत, इंडेक्स दोन (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), पीआर कार्ड (मिळकत पत्रिका) किंवा सातबारा, घरपट्टीची पावती एका फाईलीत लावा. गुंठेवारीतलं, म्हणजे गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरचं घर असेल तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र आधी काढा. ते नसलं की गिऱ्हाइकाचं कर्ज अडतं, आणि मंदीत रोखीनं घेणारे विरळच. घर अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर बहिणींचा हिस्सा धरून वारसनोंद आत्ताच करून घ्या.

भाव रेडीरेकनरवरून, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठीच्या सरकारी दरावरून ठरवू नका. तुमच्याच भागात नुकत्याच नोंदलेल्या व्यवहारांचे इंडेक्स दोन काढून बघा.