गॉथिक म्हणजे नुसती भुताटकी नव्हे

एका वाचकाचा प्रश्न: 'गॉथिक कादंबरी म्हणजे भयकथाच ना? मग सरळ भयकथा म्हणायला काय हरकत आहे? आणि हा गॉथिक शब्द मुळात कुठला?'

हरकत आहे. हल्ली विहिरीच्या काठी पांढऱ्या साडीतली बाई दिसली रे दिसली, की जाहिरातवाले 'गॉथिक' छापून मोकळे होतात. काळं नेलपेंट लावलेली कॉलेजकन्यका गॉथिक, कोकणातला मुंजा गॉथिक, अमावास्येची रात्र तर गॉथिक आहेच. बोरीबंदर स्टेशनला आणि राजाबाई टॉवरला गॉथिक म्हणतात ते मात्र बरोबर आहे, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही.

आधी मूळ बघू, कारण खरी गंमत तिथे आहे.

गॉथ ही जर्मानिक टोळी. ४१० साली अलारिकच्या गॉथांनी रोम लुटलं आणि इटालियन माणसाने ते हजार वर्षांनंतरही विसरायचं नाकारलं. सोळाव्या शतकात वासारी या इटालियन चित्रकार-लेखकाने टोकदार कमानींच्या जुन्या इमारतींना नावं ठेवताना त्यांचं खापर गॉथांवर फोडलं. ही शैली आकाराला आली पॅरिसजवळच्या सें-दनीच्या चर्चमध्ये, बाराव्या शतकात. इटलीतलं गॉथांचं राज्य सहाव्या शतकातच बुडालेलं. म्हणजे बांधलं फ्रेंचांनी, शिवी खाल्ली गॉथांनी. आजही कलेचे जाणकार हा शब्द 'गॉथांची शैली' म्हणून समजावताना दिसतात तेव्हा कपाळाला हात लावावासा वाटतो.

पण गॉथ हे नाव कुठून आलं? 'गॉथ म्हणजे आपलं गोतच की' असं ठासून सांगणारे भेटतात. त्यांना कोपरापासून नमस्कार. उच्चार जुळला म्हणून सोयरीक ठरत नाही, सोयरीक ध्वनिनियमांनी ठरते. संस्कृतातला 'ह' बऱ्याच ठिकाणी जर्मानिक भाषांत 'ग' होऊन भेटतो. आपला हंस जर्मनमध्ये 'गान्स'. 'काल' या अर्थाचं संस्कृत 'ह्यः' तिथे 'गेस्टर्न'. आता गॉथांचं नाव ज्या क्रियापदाशी जोडलं जातं ते बघा: 'गिउतान', म्हणजे ओतणे. गॉथांचा बिशप वुल्फिला याने चौथ्या शतकात त्यांच्या भाषेत केलेल्या बायबलच्या अनुवादात ते आहे. जुन्या बुधल्यांत नवा द्राक्षारस कुणी ओतत नाही, असं मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येतं, तिथे 'गिउतांद' हे रूप सापडतं. त्या बायबलाची चंदेरी शाईची पोथी स्वीडनमध्ये उप्सालाला जपून ठेवलेली आहे.

या 'गिउतान'चा संस्कृतातला भाऊबंद म्हणजे 'हु' धातू. जुहोति, हवन, होम, आहुती, हुताशन. फाल्गुनातली हुताशनी पौर्णिमा आणि गॉथिक कादंबरी एकाच मुळाच्या फांद्या! (तूप ओतायच्या पळीला यज्ञात 'जुहू' म्हणतात. मुंबईच्या जुहूचा इथे संबंध लावू नका.) संस्कृत धातूंची जुनी यादी, म्हणजे धातुपाठ, सांगतो, 'हु दानादनयोः', म्हणजे देणे आणि खाणे, आणि आपली पंडित मंडळी तिथेच पथारी पसरतात. अहो, द्यायचं कसं? ओतून! ग्रीक, लॅटिन, जर्मन या बहिणींकडे चौकशी केली असती तर 'ओतणे' हाच मूळ अर्थ निघाला असता. पण बहिणींच्या घरी जायचं म्हणजे सोवळं मोडतं.

मग हे 'ओतणारे' म्हणजे नेमके कोण? एक पक्ष म्हणतो, बीज ओतणारे, म्हणजे पुरुष, माणसं. दुसरा म्हणतो, भरभरून वाहणाऱ्या नदीकाठचे. पहिला अर्थ मला कळकट वाटतो, दुसरा भूगोलाच्या मास्तरांचा. माझ्या मते हे देवाला पेय ओतणारे, आहुती देणारे लोक असावेत. पुरावा मागाल तर तर्कापलीकडे हाती काही नाही, पण इंग्रजी 'गॉड'चं मूळ 'हुत' की 'हूत', म्हणजे ज्याला ओतलं तो की ज्याला बोलावलं तो, यावर विद्वान अजून भांडतात. तेव्हा माझा तर्क अगदीच बेवारशी नाही.

हां, कादंबरी राहिली.

अठराव्या शतकातल्या इंग्रजाच्या तोंडी 'गॉथिक' म्हणजे मध्ययुगीन, जुनाट, थोडं रानटी. त्यात भूत नव्हतं. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने १७६४ च्या डिसेंबरात 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही कादंबरी काढली, ती 'उत्तर इंग्लंडमधल्या जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथसंग्रहात सापडलेलं, १५२९ साली नेपल्समध्ये छापलेलं इटालियन पुस्तक' अशी थाप मारून. पुस्तक खपलं, तेव्हा १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत गृहस्थ पुढे आला आणि उपशीर्षक जोडलं: 'गॉथिक कथा'. त्याच्या लेखी अर्थ एवढाच, की जुन्या काळची कथा. भीतीचा अर्थ नंतर चिकटला, कारण या कथेसारख्या कथा पुढे रतीबासारख्या निघाल्या.

आता त्या कथेत काय आहे ते बघा म्हणजे भयकथेशी फरक कळेल. लग्नाच्या दिवशी वाड्याच्या चौकात काळ्या पिसांचं प्रचंड शिरस्त्राण आभाळातून पडतं आणि नवरा मुलगा त्याखाली चिरडतो. बाप मॅनफ्रेड म्हणतो, ठीक आहे, नवरीशी मीच लग्न करतो. ती तळघरातल्या भुयारातून पळते, वाऱ्याने दिवा विझतो. हे सगळं कशापायी? मॅनफ्रेडच्या आजोबाने मालकाला विष घालून, बनावट मृत्युपत्र करून ती गढी लाटलेली असते. म्हणजे मुळात हा इस्टेटीचा दावा आहे आणि भूत हे फिर्यादी पक्षाचं आहे. वाडवडिलांचं पाप तिसऱ्या-चौथ्या पिढीने फेडायचं, हे वॉलपोलने पहिल्या प्रस्तावनेतच सांगून टाकलंय. (वर 'लेखकाने याहून बरं तात्पर्य निवडायला हवं होतं' असा अनुवादकाचा शेराही मारलाय. स्वतःच्याच पुस्तकावर!)

जुनी वास्तू, लाटलेला वारसा, कोंडलेली बाई, भिंतींनी दाबून ठेवलेलं गुपित. हे असेल तर भूत नसलं तरी कथा गॉथिक. ॲन रॅडक्लिफच्या १७९४ च्या 'युडॉल्फो'त काळ्या पडद्यामागे शेवटी मेणाची आकृतीच निघते, तरी तिचं नाव गॉथिकच्या पहिल्या रांगेत आहे. उलट वडावरच्या मुंजाला ना वास्तू, ना वारसा, ना गुपित. तो भयकथेत राहू दे, तिथे तो सुखी आहे.

प्रतिशब्द हवाच असेल तर माझा तरी 'गॉथिक' वरच भर आहे. 'गूढरम्य' ऐकलं की मला दिवाळी अंकातली अत्तराची जाहिरात आठवते. आणि कृपा करून 'गोथिक' लिहू नका, इंग्रजी उच्चाराला तिथे 'ऑ' आहे.