गरिबाला चालते म्हणे!

प्रश्न : काकू, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मानेवाड्यात आमच्या तरुण मंडळासोबत रविवारी दान आलेला किराणा निवडते, थैल्या भरते. काही थैल्या वस्तीत जातात, काही मेडिकलसमोर, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यासमोर, थांबलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना. तारीख उलटलेलं कणकेचं पाकीट मी बाजूला काढलं, तर मंडळातले एक दादा म्हणाले, ‘ठेव, गरिबाला चालते. नाही तर गाईला घालू.’ मग काढायचं काय आणि ठेवायचं काय? कोणी बाळाच्या दुधाच्या पावडरचे डबेही दिलेत. शिवाय लग्नात उरलेलं जेवण देऊ का, म्हणून विचारतात.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : पाकीट काढलंस ते बरोबरच केलंस. दादांना सांग, आज याच कणकेच्या पोळ्या तुमच्या घरी होऊन जाऊ द्या. बघ काय म्हणतात ते! तू तिथे बसतेस ती खाणाऱ्याच्या वतीने. दात्याची मर्जी सांभाळायला मंडळात बाकीचे आहेत.

पाकिटावर ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ असेल आणि ती तारीख गेली असेल, तर विषय संपला. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे तोवर चव आणि ताजेपणा राहील एवढंच. तरी आपल्या उन्हाळ्यात बंद खोलीत पडलेली कणीक तारखेआधीच खवट होते, जाळी धरते. म्हणून तारीख वाचून थांबू नकोस, पाकीट दाबून बघ, फाटलं असेल तर वास घे. ज्याची तारीख जवळ आली ते वेगळ्या ढिगात ठेव आणि आधी वाटून टाक.

तांदळात टोके दिसले म्हणून घाबरायचं नाही. चाळायचे, पाखडायचे, उन्हं दाखवायची. मेस चालवायची तेव्हा हेच करत होते. पण उंदराने कुरतडलेली थैली, फुगलेला डबा, कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून आणलेलं सुटं तेल, हे सरळ बाहेर. सुटी डाळ असेल तर हातावर पसरून बघ. आपल्या विदर्भात तुरीच्या डाळीत लाखोळीची (लाखेची) डाळ मिसळलेली सापडते, आणि लाखोळी रोजच्या जेवणात महिनोन्महिने राहिली तर पायांतली ताकद जाते. आणि हो, चहापत्तीच्या थैलीत कपड्याचा साबण घालू नका गं. तो चहा मी प्यायले आहे.

गाईचं म्हणशील तर बुरशी धरलेलं धान्य तिलाही नको. त्या बुरशीचं विष दुधात उतरतं. ते पिशवीत बांधून कचरागाडीतच द्यायचं.

लग्नातलं जेवण मी तरी घेणार नाही. दीक्षाभूमीला धम्मचक्र प्रवर्तन दिनाला रस्तोरस्ती भोजनदान चालतं, पण तिथे भात गंजातून उतरतो आणि तसाच ताटात जातो. हॉलमधली भाजी आठ वाजता बनते, बारापर्यंत टेबलावर राहते, मग तुमच्याकडे येते. शिजलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मेमध्ये पारा पंचेचाळीसवर गेला की आपल्याकडे तेवढेही नको. अशा उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी एफएसएसएआयचे, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचे, 2019चे नियम आहेत. गाडी, झाकणाची भांडी, गरम-थंड ठेवायची सोय ज्यांच्याकडे आहे, त्यांचा नंबर लग्नघराला द्या.

मेडिकलसमोरच्या लोकांना मात्र तुम्ही तांदूळ-डाळ का देता? गडचिरोलीहून, बालाघाटहून आलेला माणूस फुटपाथवर चूल कुठे मांडेल? त्याला फुटाणे, मुरमुरे, बिस्किटं, केळी द्या. किराणा वस्तीत जाऊ दे.

राहिले पावडरचे डबे. ते थैलीत घालूच नका. 1992च्या कायद्याने बाळाचं पावडरचं दूध आणि दूध पाजायची बाटली अनाथालयाशिवाय कोणालाही दान देता येत नाही. फुकटच्या डब्यावर बाळ लागलं की आईचं दूध आटतं, पुढचा डबा विकत घ्यायची ऐपत नसते, मग घरात पावडर पातळ करून पाजतात, तीही मिळेल त्या पाण्यात. डबे सीलबंद आणि तारखेच्या आत असतील, तर अनाथालयात फोन करून आधी विचारा, कोणत्या वयाच्या बाळांसाठी हवेत ते.