बूम लिफ्टच्या बास्केटला कठडा असतानाही हार्नेस का लावायचा?

बूम लिफ्ट म्हणजे लांब यांत्रिक हाताच्या टोकावरील बास्केटमधून माणसाला उंच नेणारे यंत्र, आणि हार्नेस म्हणजे अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा. कठडा तोल जाऊन पडण्यापासून वाचवतो, उसळून बाहेर फेकले जाण्यापासून नाही. बूमचा हात लांब असल्यामुळे खाली चाक छोट्याशा खड्ड्यात गेले, तरी वर बास्केटला मोठा झटका बसतो आणि आतला माणूस कठड्यावरून बाहेर जाऊ शकतो. म्हणून हार्नेसची दोरी आखूड असावी आणि ती बास्केटमधील ठरवून दिलेल्या कडीलाच अडकवावी. शेजारच्या तुळईला किंवा पाइपला बांधल्यास बास्केट हलताच तीच दोरी माणसाला बाहेर ओढते. अमेरिकेच्या ‘ओशा’ या सुरक्षा यंत्रणेचे नियमही बूम लिफ्टमध्ये असा पट्टा आणि दोरी सक्तीची करतात. कात्रीसारख्या आधारावर सरळ वर जाणाऱ्या सिझर लिफ्टमध्ये मात्र कठडे धड असल्यास ते पुरेसे मानले जातात.

शेडमध्ये छताखालचे दिवे बदलताना मला पडण्याइतकीच भीती चिरडण्याची वाटते, आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. वर पाहत लिफ्ट चढवणारा कामगार तुळई आणि कंट्रोल पॅनल यांच्यामध्ये सापडला, की त्याच्या छातीच्या दाबाने जॉयस्टिक दाबलेलीच राहते आणि लिफ्ट थांबत नाही. अशा वेळी खालच्या कंट्रोलवरून बास्केट उतरवता येते, पण ते चालवता येणारा माणूस जवळ हवा. बहुतेक ठिकाणी तो ‘जरा चहाला’ गेलेला असतो.

भारतात नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम, 1948 च्या कलम 32 नुसार उंचीवरील कामासाठी पडण्यापासून संरक्षणाची व्यवस्था करणे आवश्यक होते.