'लेमुरिया', 'कुमरिक्कंडम्' आणि समुद्रातले एक कवाड

विचारणा अशी आहे: 'लेमुरिया' आणि 'कुमारी कंडम' ही हिंदी महासागरात बुडालेल्या एकाच खंडाची दोन नावे आहेत काय, 'लेमुरिया' हा शब्द मुळात तमिळ आहे काय, आणि मराठीत लिहिताना 'कंडम' लिहावे की 'खंड'?

मधल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. 'लेमुरिया' हा शब्द तमिळ नाही, प्राचीनही नाही. मादागास्करच्या लेमूर या प्राण्याशी नाते सांगणारे प्राणी भारतातही आढळतात, याचा उलगडा करण्यासाठी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेचे सचिव फिलिप स्क्लेटर यांनी १८६४ मध्ये या दोन भूभागांना जोडणाऱ्या एका लुप्त भूमीची कल्पना मांडली आणि लेमूरवरूनच तिचे नाव ठेवले. प्राण्याला 'लेमूर' हे नाव जीवांचे वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने दिले होते, तेही लॅटिन 'लेमुरेस' म्हणजे मृतांचे भटकते आत्मे या शब्दावरून, कारण त्याच्या समोरचे प्राणी रात्री आणि सावकाश वावरत. प्राचीन रोममध्ये 'लेमुरिया' नावाचा एक विधीच होता. मे महिन्याच्या ९, ११ आणि १३ तारखांना मध्यरात्री घरचा कर्ता अनवाणी उठे आणि मागे वळून न पाहता पाठीमागे काळे घेवडे टाकत, 'यांच्या मोलाने मी स्वतःला व माझ्या माणसांना सोडवतो' असे नऊ वेळा म्हणे. म्हणजे भुतांना वाटेला लावण्याच्या विधीचे नाव योगायोगाने एका बुडालेल्या भूमीला मिळाले. ती भूमी पुढे भुतासारखीच मानगुटीवर बसली, हा भाग वेगळा.

भूगर्भशास्त्राने लेमुरियाची गरज संपवली. भूगर्भशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूसने दक्षिणेकडील जोडलेल्या भूभागांना 'गोंडवाना' म्हटले आणि आल्फ्रेड वेगेनरने १९१२ मध्ये खंडे सरकतात असे मांडले; भूमी बुडाली नसून दुभंगून दूर गेली, एवढे कळल्यावर मधला पूल अनावश्यक ठरला. (त्यातले गोंडवन मात्र आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या ओळखीचे.) पण तोवर जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलने लेमुरियाला मानवजातीचा पाळणा ठरवले होते आणि थिऑसॉफिकल सोसायटी या गूढविद्यावादी संस्थेच्या संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की यांनी १८८८ मध्ये तिथे मानवांचा एक 'मूळ वंश'ही वसवला होता. या सोसायटीचे मुख्यालय मद्रासजवळ अड्यारला होते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा शब्द तमिळ वाचकांपर्यंत लवकर पोहोचल्याचे नवल वाटत नाही. तमिळ व्याकरणाला शब्दारंभी 'ल' चालत नाही, म्हणून तिथे तो 'इलेमूरिया' झाला. पाहुण्याला दारात जोडे काढायला लावावे तसे.

दुसऱ्या नावाची कुळकथा निराळी आहे. समुद्राने जमीन गिळल्याची आठवण जुन्या तमिळ वाङ्मयात खरोखरच आहे आणि तिला 'कडल्कोळ्' असा नेमका शब्द आहे: 'कडल्' म्हणजे समुद्र, 'कोळ्' म्हणजे घेणे. 'शिलप्पदिकारम्' या महाकाव्यात पह्रुळी नदी आणि डोंगरांच्या रांगांसह 'कुमरिक्कोडु' क्रूर समुद्राने घेतल्याचा उल्लेख येतो. यातल्या 'कोडु'चा अर्थ शिखरही होतो आणि तीरही. त्यावरचा टीकाकार अडियार्क्कुनल्लार बुडालेल्या प्रदेशाची लांबी सातशे 'कावदम्' (अंतराचे जुने माप) सांगतो आणि त्यात ४९ 'नाडु' मोजतो. 'नाडु' म्हणजे प्रदेश, खंड नव्हे. १९०३ मध्ये तमिळ पंडित सूर्यनारायण शास्त्रींनी वापरलेला शब्दही 'कुमरिनाडु' असाच होता. 'कुमरिक्कंडम्' हा शब्द लेमुरियाच्या अर्थी रुळला तो १९३० च्या दशकात. म्हणजे परंपरा जुनी, नाव जुने, पण त्या नावाचा हा अर्थ मात्र शंभर वर्षांचाही नाही.

नाव जुने म्हणतो ते अशासाठी की स्कंदपुराणात 'कुमारिकाखंड' आहे. शतशृंग राजाने भारतवर्षाचे नऊ भाग करून आठ मुलांना व एका मुलीला वाटून दिले. मुलीच्या वाट्याचे ते कुमारिकाखंड. कच्चियप्पांच्या तमिळ कंदपुराणातही हे वाटप आहे. दोन्हींकडे तो भाग बुडालेला नाही, चांगला कोरडा आहे. पुराणांच्या भाषेत 'द्वीप' मोठे आणि 'खंड' हा त्याचा तुकडा. शाळेतल्या भूगोलाने 'खंड' आशिया-आफ्रिकेला लावला आणि उताराचा शब्द चढाचा झाला. तमिळमध्ये 'कंडम्'चेही हेच झाले. आजच्या अर्थाने जुना शब्द वाचला की तुकड्याचे खंड होते.

मला यात सर्वांत रस वाटतो तो कपाटपुरम् या नावात. 'इरैयनार अहप्पोरुळ' या जुन्या तमिळ काव्यशास्त्रग्रंथावरच्या टीकेत तीन संघमांची, म्हणजे कविमंडळांची, हकिगत आहे. पहिले दक्षिण मदुरेत ४४४० वर्षे, दुसरे कपाटपुरात ३७०० वर्षे, तिसरे आजच्या मदुरेत १८५० वर्षे. पहिली दोन्ही नगरे समुद्राने घेतली. हे तिन्ही आकडे ३७ च्या पटीत आहेत (१२० पट, १०० पट, ५० पट), त्यामुळे ते बखरीतून न येता बेतून आले असावेत असे वाटते. नगराचे नाव मात्र बेतलेले दिसत नाही. रामायणाच्या किष्किंधाकांडात सुग्रीव दक्षिणेला जाणाऱ्या वानरांना 'युक्तं कवाटं पाण्ड्यानाम्' पाहायला सांगतो, सोन्याचे आणि मोत्यांनी सजलेले. 'कवाट' म्हणजेच 'कपाट', दार. तेव्हा हे पांड्यांच्या, म्हणजे मदुरेच्या राजांच्या, नगरीचे दार की 'कवाट' नावाचे गाव, असा वाद आहे. माझा कौल गावाच्या बाजूने आहे, कारण कौटिल्य मोत्यांचे प्रकार त्यांच्या उगमस्थानांवरून सांगताना ताम्रपर्णिकाच्या, म्हणजे ताम्रपर्णीच्या मोत्याच्या, शेजारी 'पाण्ड्यकवाटक' ठेवतो, आणि मोती दारातून निघत नाहीत. तेव्हा पांड्यांच्या किनाऱ्यावर कवाट नावाचे बंदर असावे, आणि एखादे बंदर समुद्राने गिळणे ही काही अघटित गोष्ट नव्हे. त्यासाठी खंड बुडवावे लागत नाही.

हेच कवाट-कपाट मराठीत 'कवाड' म्हणून दाराला लटकले आहे आणि 'कपाट' म्हणून कपडे सांभाळते आहे. आणखी गंमत अशी की महाभारताच्या मौसलपर्वात अर्जुन लोकांना घेऊन निघाल्यावर मागे समुद्राने जे नगर बुडवले, ती द्वारका. तिच्याही नावात दारच आहे. यावरून दोन कथांचे मूळ एक, असे मी म्हणणार नाही. बंदर हे देशाचे दार असते आणि बुडण्याचे भय बंदराच्याच वाट्याला येते, एवढ्याने हे साम्य उलगडते.

आता लेखनाविषयी. तमिळ उच्चार 'कुमरिक्कण्डम्' असा आहे: 'म' ऱ्हस्व, मध्ये क्क. तमिळ कल्पनेविषयी लिहिताना 'कुमरिक्कंडम्' लिहावे आणि पुराणातल्या भागाविषयी लिहिताना 'कुमारिकाखंड'. 'कुमारीखंड' हा मधला प्रकार दोन्हींची सरमिसळ करतो, म्हणून मी टाळतो. 'कुमारी कंडम' तर नकोच. मराठीत कंडम म्हणजे डेपोच्या कोपऱ्यात गंजत पडलेली एसटी.