नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन क्रूझला जातोय. केबिन डाव्या बाजूची घ्यावी की उजव्या?

आधी जहाजाचा मार्ग नकाशावर बघा. सुटलं त्याच बंदरात परत येणारं जहाज असेल, तर किनारा जाताना एका बाजूला आणि येताना बहुतेक दुसऱ्या बाजूला दिसतो. तिथे बाजूसाठी जास्त पैसे मोजू नका.

एकाच दिशेचा प्रवास असेल तर मात्र फरक पडतो. पुढच्या टोकाकडे तोंड केलं की डावीकडे पोर्ट, उजवीकडे स्टारबोर्ड. नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेकडे जाताना जमीन उजवीकडे राहते. उत्तर गोलार्धात डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून पूर्वेकडे जाताना ऊन उजव्या बाल्कनीत येतं, पश्चिमेकडे जाताना डाव्या. थंडीत ते ऊन हवंहवंसं वाटतं. बंदरात कुठली बाजू धक्क्याला लागेल हे आधी सांगता येत नाही, त्यावर निर्णय ठरवू नका.

खरं सांगायचं तर मुलं सोबत असताना बाजूपेक्षा जागा महत्त्वाची. हिवाळ्यात समुद्र खवळलेला असू शकतो. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या डेकवर (मजल्यावर) हेलकावे सगळ्यात कमी बसतात. दोन केबिन लागणार असतील तर मधे दरवाजा असलेल्याच मागा. सुट्टीच्या हंगामात त्या सगळ्यात आधी संपतात. आणि डेक प्लॅनवर आपल्या केबिनच्या बरोबर वर काय आहे ते बघाच. वर स्विमिंग पूल असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा खरखराट थेट डोक्यावर येतो आणि झोपलेलं लेकरू दचकून उठतं.